हवा, डिझेल, ऑइल, पाणी

नव्या पिकअपसोबत एक पुस्तिका मिळते. बहुतेक गाड्यांत ती ग्लोव्ह बॉक्समध्ये, आरसी आणि विम्याच्या झेरॉक्सखाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून असते. तिच्यात देखभालीचा एक तक्ता असतो: इतक्या किलोमीटरला ऑइल, इतक्याला डिझेल फिल्टर, इतक्याला कूलंट. तक्त्याच्या आसपास बारीक अक्षरांत आणखी एक मजकूर असतो, आणि खरं तर तोच आधी वाचायला हवा. धुळीचा रस्ता, पूर्ण भार, कडक ऊन, घाट, जवळच्या अंतराच्या थांबत-थांबत फेऱ्या, यांतलं काही असेल तर ही कामं तक्त्यापेक्षा लवकर करा, असं त्यात सांगितलेलं असतं.

धाराशिव जिल्ह्यातली पिकअप या साऱ्या अटी एका आठवड्यात पुऱ्या करते.

सोमवारी शेतातून सोयाबीनची पोती भरून कळंबच्या बाजारात, मंगळवारी कांदा घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात, मधल्या दिवशी भूम-वाशीकडचा खवा, शुक्रवारी कुणाच्या तरी घरच्या कार्याचा मांडव आणि भांडी, आणि सुट्टीच्या दिवशी तुळजापूरचं भाडं. बालाघाटच्या रांगा ओलांडायच्या तर घाट चुकत नाही. वावरातल्या पांदीतून बाहेर पडताना मागच्या गाडीची धूळ नाकातोंडात जाते, तशीच ती इंजिनातही जाते. मे महिन्यात पारा चाळिशीपार. म्हणजे पुस्तिकेतला तक्ता ज्या गाडीसाठी लिहिला, ती गाडी ही नव्हे. एमएच-२५ पाटीच्या मालकाला स्वतःचा तक्ता स्वतःच बसवावा लागतो, आणि त्यासाठी बोनेट उघडून काय बघायचं हे कळावं लागतं.

यातला मोठा भाग सोपा आहे. डिझेल इंजिनात चार गोष्टी सतत फिरत असतात: हवा, डिझेल, ऑइल आणि पाणी. चौघीही स्वच्छ आणि पुरेशा असल्या की इंजिन सहसा कुरकुर करत नाही. घरच्या घरी करायची देखभाल म्हणजे मुख्यतः या चौघींवर लक्ष ठेवणं. बाकीचं मिस्त्रीचं काम.

हवेपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडे होतं. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर किमान १० हजार लिटर. प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त ओढतं. तुळजापूर ते सोलापूर अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे. भरलेल्या पिकअपला त्यासाठी चारेक लिटर डिझेल लागलं, तर तेवढ्या एका खेपेत एक मोठी खोली भरेल इतकी हवा एअर फिल्टरमधून गेलेली असते. मळणीच्या दिवसांत त्या हवेत काय काय असतं, हे ज्यानं थ्रेशरजवळ उभं राहून पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ सिलिंडरमध्ये जाते, ऑइलच्या थरात मिसळते आणि पिस्टन रिंग व लायनर घासत राहते. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. आधी ओढ कमी होते, मग ॲव्हरेज पडतं, मग गाडी ऑइल खाऊ लागते आणि शेवटी इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारायला लागतं. तोवर खर्च हजारांतला राहिलेला नसतो. म्हणून सोयाबीनच्या हंगामात एअर फिल्टरचा डबा आठवड्यातून एकदा उघडावा. हे काम बहुतेक गाड्यांत क्लिपा काढून पाना न लावता होतं. कागदी फिल्टर दगडावर आपटायचा नाही. त्याच्या घड्या वाकतात आणि रबरी कडा उचलते. पंक्चरच्या दुकानात हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबानं आणि थोड्या अंतरावरून. मग आत बॅटरीचा उजेड धरून बाहेरून बघायचं. कागदात कुठे टाचणीएवढा ठिपका चमकला तर फिल्टर बाद. डब्याच्या आत, फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ बाजूला, बोट फिरवलं आणि धूळ लागली तर दोष फिल्टरचा नसून बसवण्याचा किंवा पाइपच्या क्लिपचा आहे. ‘फिल्टर काढून चालवली की गाडी चांगली ओढते’ असं सांगणारे महाभाग प्रत्येक नाक्यावर असतात. त्यांच्या गाडीचं इंजिन कधी उघडलं होतं, हे एकदा विचारून घ्यावं.

डिझेलच्या बाबतीत या भागातल्या लोकांचं शिक्षण फार जुनं आहे. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला आणि विहिरींवर वीज पोहोचण्याआधी महाराष्ट्राच्या शिवारात डिझेल इंजिनांचा आवाज पोहोचला. हँडल मारून इंजिन सुरू करणं, टाकी कोरडी पडून इंजिननं एअर घेतली की पाइपाचा नट ढिला करून बुडबुडे जाऊन नितळ डिझेल येईपर्यंत थांबणं, नोझल काढून फवारा कसा पडतो ते बघणं, या गोष्टी शेतकऱ्यांना शाळेत न जाता येत होत्या. पुढे ट्रॅक्टर आले, २००५ साली टाटांचा दोन सिलिंडरचा छोटा हत्ती आला. त्याच्या ७०२ सीसीच्या साध्या इंजिनावर पंप इंजिनाचं बरंचसं ज्ञान तसंच चालून गेलं. गावोगावचे हाताला काम नसलेले तरुण चालक-मालक झाले आणि दुरुस्तीही बऱ्यापैकी स्वतःच करू लागले.

आजच्या पिकअपवर मात्र तेच ज्ञान अंगाशी येऊ शकतं. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, काहींत सोळाशेच्याही वर. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या तो कित्येक शे पट आहे. चालू इंजिनात अशा नळीचा नट ढिला केला, किंवा गळती कुठे आहे ते बोटानं चाचपलं, तर सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते. बाहेर फक्त एक ठिपका दिसतो, आत डिझेल पसरत जातं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट काय, हातही गमवावा लागतो. तेव्हा नियम सरळ आहे: टाकीपासून फिल्टरपर्यंतचा भाग मालकाचा, हाय प्रेशर पंपापासून पुढचं काहीही घरी उघडायचं नाही. एअर काढायची ती फिल्टरजवळच्या हातपंपानं, इंजिन बंद ठेवून.

मालकाच्या वाट्याला आलेला हा भाग काही कमी महत्त्वाचा नाही. नव्या नोझलमधल्या सुईची आणि तिच्या घराची फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. एवढ्या बारीक फटीत पाण्याचा थेंब गेला की गंज आणि झीज ठरलेली. पाणी येतं कुठून? अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं धरणाऱ्या दवातून, पावसाळ्यात नीट न बसलेल्या झाकणातून, आणि शेतावर ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या कॅनमधून. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठायला जागा असते आणि तिथे एक छोटा स्क्रू असतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तो ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल सोडावं आणि बाटली दोन मिनिटं ठेवून बघावी. पाणी जड, ते खाली बसतं. रेघ स्पष्ट दिसते. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागेपर्यंत वाट बघण्यात काही शहाणपण नाही. संध्याकाळी टाकी भरून गाडी लावण्याची जुन्या चालकांची सवयही याच कारणानं चांगली: टाकीत हवा कमी, तर दव कमी.

ऑइलविषयी गैरसमज सर्वांत जास्त. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. ते खराब झालं म्हणून नव्हे, तर काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं काम ते करतंय म्हणून. रंगावरून ऑइल बदलणारा पैसे वाया घालवतो. रंग बघून ‘अजून बरं आहे’ म्हणणारा इंजिन वाया घालवतो. किलोमीटर आणि महिने मोजायचे आणि या जिल्ह्यातल्या वापराला पुस्तिकेतला जड वापराचा आकडा धरायचा, एवढंच.

डिपस्टिक मात्र रोज बघावी. सपाट जागा, सकाळी सुरू करण्यापूर्वी. पट्टी पुसून पुन्हा घालायची आणि मग वाचायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ती कमी होणं सगळ्यांना कळतं, पण न भरता वाढलेली पातळी जास्त धोक्याची. तेव्हा ऑइलमध्ये डिझेल उतरतंय किंवा पाणी शिरतंय. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणीच, आणि बहुधा हेड गॅस्केट गेलेलं. अशा वेळी गाडी आणखी एका खेपेला काढणं म्हणजे गॅस्केटच्या बिलात बेअरिंगचं बिल मिळवणं.

ऑइल बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. पिकअप जमिनीपासून उंच असल्यानं बहुतेकदा जॅक लावावा लागत नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. इंजिन थोडं गरम करून बंद करायचं, वरचं झाकण उघडायचं, चेंबरखाली पसरट भांडं ठेवून नट काढायचा आणि ऑइल पूर्ण गळू द्यायचं. नटाचा तांब्याचा वॉशर नवा घालायचा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे डोळ्यानं बघायचं; दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर सांडतं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटानं ऑइल लावून तो हातानंच आवळायचा. मग पुस्तिकेत दिलेल्या मापाचं आणि दर्जाचं ऑइल. डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असणं पुरेसं नाही; खाली सीआय-४, सीके-४ असा दर्जा लिहिलेला असतो, तोही जुळायला हवा. धुराड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, असलेल्या गाडीला कमी राख सोडणारंच ऑइल लागतं, नाहीतर ती जाळी कायमची भरते. रिकामा डबा टाकण्यापूर्वी त्याला खिळ्यानं भोक पाडावं. बनावट ऑइल बहुधा खऱ्याच डब्यांत भरलं जातं.

टर्बो असलेल्या गाडीची आणखी एक शिस्त आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून सुरू करताच रेस करायची नाही, आणि घाट चढून आल्या आल्या चावी फिरवायची नाही. मिनिटभर सावकाश चालू द्यायची.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ निकष लागू झाले, आणि धुराड्याकडची भानगड वाढली. डीपीएफची जाळी अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्यापैकी वेगानं चालावी लागते. दोन-दोन किलोमीटरवर थांबून दुधाचे कॅन उचलणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. मग दिवा लागतो. दिवा लागताच धुळे-सोलापूर महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवून आणली तर बहुतेक वेळा काम भागतं. तसंच रेटलं तर शोरूमची वाट. हे अर्धवट राहिलेलं जाळणंच डिझेल ऑइलमध्ये उतरण्याचं एक कारण असतं, म्हणून अशा गाडीत वाढलेली डिपस्टिक विसरायची नाही.

काही गाड्यांना डिझेलखेरीज युरियाचं द्रावण लागतं: ३२.५ टक्के युरिया आणि उरलेलं अतिशुद्ध पाणी. ज्याच्या घरात ४५ किलोची युरियाची गोणी पडलेली आहे त्याच्या डोक्यात पुढचा विचार आल्याशिवाय राहत नाही. तो विचार तिथेच थांबवावा. २०१५ पासून देशातला शेतीचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. तो लेप आणि खतातले इतर अंश इंजेक्टर चोंदवतात आणि आतला महागडा उत्प्रेरक निकामी करतात. शिवाय अनुदानाचं खत दुसरीकडे वापरणं हा गुन्हा आहे तो वेगळाच.

आता पाणी. रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं ते थंडीत गोठू नये म्हणून, आणि आपल्याकडे कुठे गोठतंय, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण कूलंट उकळबिंदूही वाढवतं, गंज थांबवतं, आणि लायनरच्या बाहेरून बुडबुडे फुटून पडणारे खड्डे कमी करतं. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. माठाच्या तोंडावर जो पांढरा थर धरतो, तोच इंजिनाच्या आत धरतो, आणि क्षारांचा थर उष्णता बाहेर पडू देत नाही. धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे; उघड्या भांड्यातलं पाणी इथे शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं. रेडिएटरची कॅप आत दाब धरून ठेवते म्हणूनच ते गाडीत उकळत नाही. याच कारणानं गरम गाडीची कॅप उघडणं भयंकर: दाब सुटतो, क्षणात वाफ होते आणि तोंड भाजतं. थांबायचं, बोनेट उघडं ठेवायचं, हाताला सोसवेल इतकी गार झाल्यावरच कपडा धरून फिरवायची. उन्हाळ्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं भुस्कट आणि किडे इंजिनाच्या बाजूनं हलक्या पाण्यानं धुऊन काढले तर ‘गाडी गरम होते’ या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा पाण्याचा आणखी एक धडा समोर आला. एअर फिल्टरच्या पातळीपर्यंत बुडालेल्या गाडीला पाणी ओसरल्यावर सेल्फ मारणं ही सर्वांत महाग चूक असते. डिझेल इंजिन हवेला तिच्या मूळ आकाराच्या सोळा-अठराव्या हिश्शापर्यंत दाबतं. पाणी दबत नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार काढायची, मग डिपस्टिक आणि एअर फिल्टर बघायचे, आणि मिस्त्रीला बोलवायचं. चाकं बुडतील इतक्याच पाण्यातून गाडी गेली असली तरी मागच्या ॲक्सलच्या हौसिंगचं ऑइल तपासावं. गरम हौसिंग गार पाण्यात गेलं की ते श्वासनळीतून पाणी आत ओढतं.

ग्रीसिंगचं काम कंटाळवाणं, पण ग्रीस गन स्वस्त आहे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि पाट्यांच्या पिनांना, जिथे निप्पल असतील तिथे, आधी निप्पल पुसून मग ग्रीस मारायचं. न पुसता मारलं तर धूळच आत ढकलली जाते. टायरची हवा सकाळी गार असताना, आणि मागच्या टायरांची भार बघून. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं फुललं तर खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतून धुवायचं, कोरडं करून व्हॅसलीन लावायचं. ब्रेकचं तेल डबीवरच्या खुणेत आहे का एवढं मालकानं बघावं. लायनर, सिलिंडर, पाइप यांना हात घालू नये. उतारावर भरलेल्या गाडीचा ब्रेक हा शिकण्याचा विषय नव्हे. वॉरंटीतल्या गाडीचं ऑइलही अधिकृत ठिकाणीच बदलावं आणि बिल जपून ठेवावं, नाहीतर पुढे दावा अडतो.

हे सगळं लक्षात ठेवायला किलोमीटरपेक्षा इथलं पंचांग जास्त सोयीचं आहे. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून पूजा होतेच. पाऊस सरलेला असतो आणि सोयाबीनची, मागोमाग उसाची धांदल सुरू व्हायची असते. ऑइल, डिझेल फिल्टर आणि ग्रीसिंगसाठी याहून नेमका मुहूर्त नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास कूलंट, बेल्ट आणि रेडिएटरची जाळी. मृगाआधी वायपर, टायर, बॅटरी आणि दिवे. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, त्याची तारीखही या कामांच्या नोंदींसोबत एका वहीत लिहावी.

सोडलेलं काळं ऑइल कुठे टाकायचं, हा प्रश्न उरतो. गोठ्याच्या मेढींना वाळवीसाठी फासणं किंवा धुळीच्या अंगणात ओतणं ही जुनी रीत आहे. पण त्यात इंजिनातल्या धातूंचे अंश असतात, कायद्यानं तो घातक कचरा आहे, आणि विहीर बहुतेकदा गोठ्यापासून लांब नसते. कॅनमध्ये साठवून ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे माल पोहोचवणाऱ्या गॅरेजला द्यावं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल उत्पादकांवरच वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे नियम लागू झाले आहेत, त्यामुळे ते गोळा करणारी साखळी वाढायला हवी.

वहीचा उपयोग विकतानाही होतो. जुनी पिकअप बघायला आलेला जाणता गिऱ्हाईक रंगाकडे बघत नाही. तो गार इंजिनाची डिपस्टिक ओढतो, गाडी सुरू करायला लावतो, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून तिथे तळहात धरतो. हाताला धाप लागल्यासारखे झोत आणि धूर लागला तर किमतीतून इंजिन कामाचे पैसे वजा होतात. मग धुराड्यामागे जातो: काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर अर्धवट जळालेलं डिझेल किंवा आत शिरणारं पाणी. शेवटी एअर फिल्टरचा डबा उघडतो आणि आत बोट फिरवतो.